प्राण्यांच्या मेंदूचे स्कॅन आणि माणसाचे मानसिक आजार: यातून नेमकं काय कळतं?

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या एकीने विचारलं आहे: उंदीर किंवा माकडांच्या मेंदूचे स्कॅन काढून डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया असे आजार समजून घेता येतात, असं वाचलं. पण उंदीर काही ‘मला उदास वाटतंय’ असं सांगत नाही. मग त्याच्या स्कॅनवरचा लाल-पिवळा ठिपका कशाचा पुरावा मानायचा? आणि याच विषयात पीएचडी करायची संधी आली आहे, ती घ्यावी का?

मी बरीच वर्षं लहान प्राण्यांच्या एमआरआय (चुंबकाने काढलेलं चित्र) आणि पेट (किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेलं चित्र) स्कॅनचं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लहान उंदराला माऊस आणि मोठ्याला रॅट म्हणेन. प्रयोगशाळेत आम्ही तेच म्हणतो आणि दोघांत फरकही बराच आहे.

आधी तुमची शंका. उंदराला डिप्रेशन होतं का, हे ठरवायचा मार्ग आपल्याकडे नाही, असं माझं सरळ मत आहे. डिप्रेशनचं निदान बरंचसं रुग्णाच्या बोलण्यावरून होतं. अपराधी वाटणं, कशातच अर्थ न वाटणं, मरणाचे विचार येणं, यातलं काहीही प्राण्यात मोजता येत नाही. कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय असं वाटणं, हेही तसंच. त्यामुळे शोधनिबंधात ‘डिप्रेस्ड माऊस’ असे शब्द आले की मी ते मनातल्या मनात खोडते आणि प्रत्यक्षात काय केलं होतं ते तिथे लिहिते: ‘काही आठवडे ताण दिलेला माऊस’, ‘कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांतलं ताणाचं संप्रेरक) दिलेला माऊस’. तुम्हीही ही सवय लावून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मग हा खटाटोप कशासाठी? माणसांचे स्कॅन काढताना दोन गोष्टी फार क्वचित जमतात. आजार सुरू व्हायच्या आधीचा मेंदू बघायला मिळत नाही, आणि बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलता येत नाही. प्राण्यांमध्ये दोन्ही करता येतं. माझ्या मते या क्षेत्राची खरी कमाई इथेच आहे, त्यामुळे इथे थोडी थांबते.

व्यसनाचं उदाहरण घेऊ. कोकेनच्या आहारी गेलेल्या माणसांच्या पेट स्कॅनमध्ये स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन या रसायनाचे डी-२ रिसेप्टर (पेशीवरच्या, ते रसायन पकडणाऱ्या जागा) कमी दिसतात, हे १९९०च्या दशकापासून माहीत आहे. पण ते मुळातच कमी होते म्हणून माणूस व्यसनाकडे ओढला गेला, की कोकेनने कमी केले? व्यसनी माणसाचा व्यसनाआधीचा स्कॅन सहसा कुणाकडेच नसतो. केंब्रिजच्या जेफ्री डॅली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हा प्रश्न रॅटमध्ये विचारला. एक पाच भोकांची चाचणी असते. कुठल्या भोकात दिवा लागतोय याची रॅटने वाट बघायची आणि लागला की तिथे नाक खुपसायचं. काही रॅटना धीर धरवत नाही, ते दिवा लागायच्या आधीच नाक खुपसतात. असे उतावीळ रॅट निवडले आणि कोकेनशी त्यांचा संबंध येण्याआधीच त्यांचे पेट स्कॅन काढले. न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या स्ट्रायटमच्याच एका भागात डी-२ आणि डी-३ रिसेप्टर आधीपासूनच कमी होते. पुढे कोकेन मिळायची सोय केल्यावर याच रॅटनी ते जास्त घेतलं.

याच्या काही वर्षं आधी, २००२ मध्ये, मकाक माकडांवर झालेलं काम मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. माकडं एकेकटी ठेवली होती तेव्हा त्यांच्या डी-२ रिसेप्टरमध्ये फरक नव्हता. गटात ठेवल्यावर जे नर वरचढ झाले त्यांच्यात रिसेप्टरचं प्रमाण वाढलेलं दिसलं, दबून राहणाऱ्यांत मात्र वाढलं नाही. आणि कोकेन जास्त घेतलं ते दबलेल्या माकडांनी. पुढे २००६ मध्ये हेही दिसलं की सतत कोकेन घेतल्याने रिसेप्टर आणखी घटतात. म्हणजे आधीपासूनचा कल, भोवतालची परिस्थिती आणि खुद्द कोकेन, या तिन्हींचा वाटा आहे, आणि तो वेगवेगळा करून दाखवता आला. फक्त रुग्णांचे स्कॅन काढत बसलो असतो तर ‘रिसेप्टर कमी असतात’ याच्या पुढे आपण गेलो नसतो.

दुसरं उदाहरण औषधांचं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये वर्षं जातात तसा मेंदूचा करडा भाग थोडा कमी होताना एमआरआयवर दिसतो. हे आजारामुळे की वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधांमुळे? रुग्णांना औषधाविना ठेवून हे तपासणं अमानुष ठरेल. २००५ मध्ये निरोगी मकाक माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं दिल्यावर मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं. तो अभ्यास माकडांच्या मृत्यूनंतरच्या मेंदूंवर होता. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने २०११ मध्ये रॅटना आठ आठवडे हीच औषधं दिली आणि त्याच रॅटचे वेळोवेळी एमआरआय काढले. मेंदूचं आकारमान ६ ते ८ टक्के कमी झालं होतं आणि घट मुख्यतः पुढच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, होती. नंतर त्यांनी मेंदूचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली हीच गोष्ट पडताळून पाहिली.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण हे रुग्णांचे नातेवाईकही वाचत असतील. या निष्कर्षाचा अर्थ ‘औषधं मेंदू खातात, बंद करा’ असा अजिबात नाही. त्या रॅटना कुठलाही आजार नव्हता. आजारी मेंदूत औषधाने काय होतं, आणि आकारमान थोडं कमी झालं म्हणजे काम बिघडलं का, हे स्वतंत्र प्रश्न आहेत. औषध अचानक बंद केल्याने आजार उलटण्याचा धोका मात्र खरा आहे. या अभ्यासांनी एवढंच दाखवलं की रुग्णाच्या स्कॅनमधली सगळी घट आजाराच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आता, हे सगळं वर्तन बघून किंवा मेंदूचे काप करूनही झालं असतं, मग स्कॅनच का? कारण तीच मोजणी माणसातही करता येते. जिवंत माणसाच्या मेंदूचे काप करता येत नाहीत, आणि प्राण्याला प्रश्नावली देता येत नाही. रक्तप्रवाह, ग्लुकोजचा वापर, रिसेप्टरची घनता, एखाद्या भागाचं आकारमान या गोष्टी दोघांतही मोजता येतात. शिवाय प्राणी जिवंत राहत असल्याने आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकाच प्राण्याचा मिळतो. प्राणी कमी लागतात, हाही फायदा मी मोठा मानते. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा एमआरआय) ज्या बोल्ड संकेतावर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर, चालतं तो सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवला तो रॅटच्या मेंदूत. माणसांवरचे प्रयोग १९९२ मध्ये आले. आणि हा संकेत चेतापेशींच्या कामाशी कसा जोडलेला आहे, हे निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने २००१ मध्ये माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून, त्याच वेळी स्कॅन काढून तपासलं. माणसाच्या स्कॅनवर आपण जो विश्वास ठेवतो त्याच्या मुळाशी प्राण्यांवरचं हे काम आहे.

तुमच्या ‘लाल-पिवळ्या ठिपक्या’कडे वळते. तो ठिपका चेतापेशींचा थेट फोटो नसतो. चेतापेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. त्याचं मोजमाप म्हणजे तो ठिपका. त्यामुळे रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारी कुठलीही गोष्ट त्यात लुडबुड करते. प्राण्यांच्या बाबतीत अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भूल.

माऊसचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा. माणसाच्या एफएमआरआयमध्ये दोन-तीन मिलिमीटर बाजूचा ठोकळा हा चित्राचा सगळ्यात लहान तुकडा असतो. तीन मिलिमीटरच्या अशा एका ठोकळ्याचं आकारमान माऊसच्या अख्ख्या हिप्पोकॅम्पसच्या (स्मृतीशी जोडलेला मेंदूचा भाग) आसपास जातं. म्हणून आम्हाला ०.२-०.३ मिलिमीटरपर्यंत उतरावं लागतं आणि त्यासाठी ७, ९.४ किंवा ११.७ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबक लागतात; दवाखान्यातले बहुतेक १.५ किंवा ३ टेस्लाचे असतात. इतक्या बारीक चित्रात प्राणी केसभर हलला तरी सगळं वाया जातं. त्यामुळे रॅट बेडवर पालथा, पुढचे दात दांडीत अडकवलेले, कानांना दोन्ही बाजूंनी आधार, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, छातीखाली श्वास मोजणारी छोटी उशी, गुदद्वारात तापमानाची वायर आणि अंगाखाली कोमट पाण्याची नळी, अशी सगळी तयारी असते. भुलेत लहान प्राण्याचं अंग बघता बघता गार पडतं. अंग गार पडलं की श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या पसरतात, आणि मग स्क्रीनवर दिसणाऱ्या बदलाचा तुमच्या प्रयोगाशी काहीच संबंध उरत नाही. स्कॅन चालू असताना माझं लक्ष मेंदूच्या चित्रापेक्षा श्वासाच्या रेषेकडे जास्त असतं.

त्यात भुलेचं औषधही निरुपद्रवी नसतं. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या पसरवतं आणि मात्रा वाढली की मेंदूचं कामच थोपवतं. केटामिन तर स्वतःच डिप्रेशनवरच्या संशोधनातलं औषध आहे, त्यामुळे तिथे ते भुलेसाठी वापरायचा प्रश्नच येत नाही. सध्या अगदी कमी आयसोफ्लुरेन आणि सोबत मेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध असा मेळ पुष्कळ ठिकाणी वापरतात, मीही वापरते. त्यात मेंदूच्या भागांमधला आपसातला ताळमेळ बऱ्यापैकी टिकतो. माणूस काही न करता पडून असताना मेंदूचं जे डिफॉल्ट मोड जाळं जागं असतं, त्याच्याशी मिळतंजुळतं जाळं २०१२ मध्ये रॅटमध्ये दाखवलं गेलं, तेही हलक्या भुलेतच.

मग जागेपणीच स्कॅन का काढू नये? काढतात. डोकं स्थिर ठेवायची आणि मशीनच्या आवाजाची प्राण्याला रोज थोडी थोडी सवय लावतात. पण तो आवाज १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि रॅटला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. तुमचा विषयच ताण आणि भीती असेल, तर स्कॅनर स्वतःच ताण देतोय का, हे रक्तातल्या कॉर्टिकोस्टेरॉनवरून तपासल्याशिवाय त्या निकालावर मी भरवसा ठेवणार नाही. भूल की जागेपण, याला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही, प्रश्नानुसार ठरतं. नुसतं आकारमान मोजायचं असेल तर खुशाल भूल द्या. भीती किंवा आनंद मोजायचा असेल तर भुलेतला मेंदू फारसं काही सांगणार नाही.

यावर पेट स्कॅनमध्ये एक सुंदर वाट आहे. एफडीजी हा ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचला की जिथे काम जास्त तिथल्या पेशी तो जास्त ओढून घेतात आणि तो आतच अडकून राहतो. त्यातल्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असतं. म्हणून प्राण्याला जागेपणी टोचायचं, अर्धा-पाऊण तास हवा तो अनुभव घेऊ द्यायचा आणि मग भूल देऊन स्कॅन काढायचा. चित्र निघतं नंतर, पण सांगतं ते आधीच्या अर्ध्या तासाबद्दल. विस्कॉन्सिनच्या नेड केलिन यांच्या गटाने ऱ्हिसस माकडांच्या पिल्लांमध्ये हेच केलं. टोचल्यावर एक अनोळखी माणूस पिंजऱ्याजवळ नुसता आडव्या बाजूने उभा राहतो, नजर मिळवत नाही. काही पिल्लं थिजून जातात, आवाजही काढत नाहीत, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. २०१० मध्ये २३८ पिल्लांच्या अभ्यासात दिसलं की अमिग्डाला (भीतीशी जोडलेला भाग) आणि हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग यांतलं काम जितकं जास्त तितका हा भित्रेपणा जास्त, आणि हिप्पोकॅम्पसमधल्या कामात आनुवंशिकतेचा वाटा अमिग्डालापेक्षा ठळक आहे. लहानपणी अतिशय बुजरी असणारी मुलं पुढे चिंतेच्या आजाराकडे आणि डिप्रेशनकडे झुकण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं. यात कुणीही माकडाला ‘चिंतेचा आजार आहे’ असं म्हटलं नाही. जे वर्तन मूल आणि माकड दोघांत ओळखता येतं तेवढंच मोजलं.

चांगल्या आणि कच्च्या कामात मी फरक करते तो इथेच. जुनी पद्धत म्हणजे १९७७ पासूनची पोहण्याची चाचणी: उंदराला पाण्यात सोडायचं आणि त्याने हातपाय मारणं थांबवलं की ‘हताश झाला’ म्हणायचं. कदाचित तो शक्ती वाचवत असेल, सुटका नाही हे शिकला असेल. अशा चाचणीला कितीही महागडा स्कॅन जोडला तरी पाया कच्चा तो कच्चाच. उलट आजाराचा एक तुकडा उचलून तो दोघांत सारख्या रीतीने मोजला तर काम टिकतं. २०२१ मध्ये माऊसना गोंगाटात एखादा बारीक सूर वाजला का हे ओळखायला शिकवलं. उत्तर दिल्यावर बक्षिसासाठी ते किती वेळ थांबतात यावरून त्यांची खात्री मोजली. सूर नसताना ‘होता’ असं खात्रीने सांगणं, म्हणजे भासाच्या जवळ जाणारी चूक. हाच खेळ माणसांनाही दिला. ज्यांना एरवी भास जास्त होतात त्यांच्याकडून अशा चुका जास्त झाल्या. माऊसमध्ये केटामिनने त्या वाढल्या. स्ट्रायटममधलं डोपामिन त्या चुकीच्या आधीच चढलेलं दिसलं, आणि हॅलोपेरिडॉलने परिणाम उतरला.

आनंद न वाटण्याबद्दलही असंच. २०१६ मध्ये रॅटमध्ये प्रकाशाने चेतापेशी चालू-बंद करण्याचं तंत्र एफएमआरआयला जोडलं. डोपामिनच्या पेशी उद्दीपित केल्या की स्ट्रायटम उजळतो, पण मधला प्रीफ्रंटल भाग (मेंदूच्या अगदी पुढचा) अतिउत्तेजित ठेवला तर तो प्रतिसाद दबतो, आणि रॅटची बक्षिसाची ओढही कमी होते. कारण आणि परिणाम असा हात घालून दाखवणं माणसात शक्य नाही. मात्र रॅटचा ‘मधला प्रीफ्रंटल’ म्हणजे माणसाचा नेमका कुठला भाग, यावर वाद आहेच, आणि माणसाच्या प्रीफ्रंटलचे काही भाग उंदरांमध्ये सापडतच नाहीत. म्हणून २०१९ मध्ये अँजेला रॉबर्ट्स यांच्या गटाने मार्मोसेट या छोट्या माकडांत एरिया २५ हा प्रीफ्रंटलचा एक छोटा भाग अतिउत्तेजित करून पाहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. हा भाग डिप्रेशनच्या रुग्णांत जास्त सक्रिय दिसतो, आणि २००५ पासून काही रुग्णांत तिथे इलेक्ट्रोडही बसवले गेले आहेत. मार्मोसेटमध्ये बक्षिसाच्या अपेक्षेने होणारी शरीराची उत्तेजना मंदावली आणि केटामिनने ती परत आली.

एमआरआयला न दिसणारी पातळीही असते. एकेका सिनॅप्सवरचे (चेतापेशींच्या जोडणीवरचे) काटे, म्हणजे पेशीच्या फांदीवरचे बारीक उंचवटे, बघायचे तर टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो बहुतांशी प्राण्यांतच वापरता येतो. २०१९ मधल्या एका अभ्यासात ताणाने माऊसच्या प्रीफ्रंटलमधले काटे गळाले होते. केटामिननंतर तीन तासांत वर्तन सुधारलं, पण नवे काटे त्यानंतर, बारा तासांच्या पुढे उगवले. ते नवे काटे मुद्दाम प्रकाशाने नष्ट केल्यावर सुधारणा टिकली नाही. म्हणजे काटे सुधारणा सुरू करत नाहीत, टिकवतात. केटामिनचा परिणाम लवकर का ओसरतो, हे विचारणाऱ्या डॉक्टरला यातून शोधायची दिशा मिळते.

हे सगळं वाचून फार हुरळून जाऊ नका. ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाच्या एमग्लू-२/३ रिसेप्टरवरचं, स्किझोफ्रेनियासाठीचं एक औषध प्राण्यांत आशादायक ठरलं, माणसांच्या सुरुवातीच्या चाचणीतही, पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत अपुरं पडलं आणि २०१२ मध्ये काम थांबलं. प्राण्यातला निष्कर्ष म्हणजे माणसात तपासायचा एक नेमका अंदाज, मी त्याला त्याहून जास्त वजन देत नाही.

पीएचडीचं: तुमची ओढ रुग्णाच्या अनुभवाकडे, त्याच्या गोष्टीकडे असेल तर माणसांवरचं संशोधन निवडा, इथे तुमची घुसमट होईल. ‘हे कशामुळे होतं’ हा प्रश्न छळत असेल तर जरूर या, पण मार्गदर्शकांना आधी काही गोष्टी विचारा. भूल कुठली वापरतात आणि का? श्वास आणि तापमानाच्या नोंदी ठेवतात का? नर-मादी दोन्ही घेतात का? उंदीर रात्री जागणारे, मग दिवसा काढलेल्या स्कॅनचा हिशेब कसा धरतात? तीच मोजणी माणसांत करणारा गट सोबत आहे का? स्कॅननंतर मेंदूचे काप करून पडताळणी कोण करतं? आणि एक प्रश्न स्वतःला: प्राणी हाताळणं, त्यांची रोजची निगा आणि प्रयोगाच्या शेवटी बहुतेकदा त्यांचा जीव घेणं, हे तुम्हाला पेलवेल का? हे घरी बसून कळत नाही. होकार कळवण्याआधी त्या प्रयोगशाळेत निदान आठवडाभर जा आणि एक अख्खा स्कॅनचा दिवस, रॅटला पिंजऱ्यातून काढण्यापासून तो परत शुद्धीवर येईपर्यंत, शेजारी उभं राहून बघा.